गळ आणि सर्फबोर्ड एकाच पाण्यात: किनाऱ्यावरून गरवताना सर्फरांशी कसं जमवावं

उत्तर गोव्यात मोरजीवरून आश्वे, मांद्रे करत हरमलपर्यंत वाळूचा जवळजवळ सलग पट्टा आहे. दिवाळीनंतर पहाटे तिथे गेलात तर दोन प्रकारची माणसं पाण्याकडे टक लावून उभी दिसतात. एकाच्या हातात दहा-बारा फुटी रॉड, दुसऱ्याच्या काखेत सर्फबोर्ड. दोघंही बघत असतात ते एकच: लाट कुठे फुटते, कुठे फुटत नाही, पाण्याखालची वाळूची पट्टी कुठे तुटली आहे. आणि बहुतेक वेळा दोघांना जागाही तीच आवडते. म्हणून खटके उडतात.

हा लेख मुख्यतः गरवणाऱ्यांसाठी, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांसाठी आहे. सर्फरांसाठीही थोडं आहे, पण जास्त जबाबदारी आपल्यावर, हे मी आधीच सांगून टाकतो. सर्फर पाण्यात लांबूनही दिसतो. आपली दोरी दोन हातांवरूनसुद्धा दिसत नाही.

आधी ओहोटीला जाऊन किनारा बघा

नव्या किनाऱ्यावर पहिल्या दिवशी गळ टाकायची घाई करू नका. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या ओहोटीला रिकाम्या हाताने एक फेरी मारा. पाणी मागे गेलं की वाळूचा सगळा नकाशा उघडा पडतो. कोरड्या वाळूला लागून किनाऱ्याला समांतर एक चर असतो, कधी गुडघाभर, कधी कमरेएवढा. त्याच्या पलीकडे वाळूची उंच पट्टी, आणि त्या पट्टीत कुठे कुठे खिंड पडलेली. लाटांनी आत ढकललेलं पाणी चरातून वाहत त्या खिंडीकडे येतं आणि तिथून समुद्रात परत जातं. यालाच रिप करंट म्हणतात. आपण त्याला ओढ म्हणू.

भरती आल्यावर हे सगळं झाकलं जातं, पण खुणा राहतात. पट्टीवर लाट फुटून पांढरी होते, खिंडीवर फुटत नाही. तिथलं पाणी काळपट किंवा गढूळ दिसतं, आणि फेस किनाऱ्याकडे येण्याऐवजी बाहेर जाताना दिसतो. ओहोटीला बघितलेल्या खिंडी किनाऱ्यावरच्या ठळक खुणांशी जोडून ठेवा: वाकडा माड, शॅकचं टोक, ओढून ठेवलेली निळी होडी. आणि पावसाळ्यानंतर जुनी ओळख विसरा, कारण दर पावसाळ्यात वाळू नव्याने रचली जाते.

आता या नकाशावर कोण कुठे असतं ते पाहा. लाटेने उकरलेले किडे, लहान शिंपले, वाळूतले खेकडे चरात जमतात. मुडदुशी, शेवटं, लहान कोकर त्यामागे चरात फिरतात. खिंडीच्या तोंडाशी मोठी जनावरं, म्हणजे तांबोशी, रावस आणि नशीब असेल तर चोणक (आपल्या रायगडातला जिताडा), वाहून येणाऱ्या घासाची वाट बघत थांबतात. सर्फरांचंही गणित याच जागांशी बांधलेलं. मुरलेला सर्फर खिंडीतून बाहेर जातो, कारण तिथे लाटा अंगावर येत नाहीत आणि ओढ फुकट बाहेर नेते. बाहेर जाऊन तो पट्टीच्या कडेला, लाट फुटायला सुरुवात होते तिथे बसतो. शिकाऊ मंडळी मात्र प्रशिक्षकाबरोबर कमरेएवढ्या पाण्यात, फुटून आलेल्या फेसात असतात. म्हणजे नेमकी आपल्या चरात.

यातून तीन नियम निघतात. मुरलेले सर्फर बाहेर असतील तर चर तुमचा. वीस-पंचवीस मीटरवर आमिष ठेवा आणि खुशाल गरवा. सर्फ स्कूलची मुलं चरात उतरली असतील तर तुम्ही उठून दुसरीकडे जा. तिथे वाटणी होत नाही, कारण शिकाऊ माणसाला बोर्ड वळवता येत नाही, लाट नेईल तिथे तो जातो. आणि खिंडीतून सर्फर ये-जा करत असतील तोवर खिंडीत दोरी नको, तिथे कितीही मोठा मासा असला तरी.

इथे एक गैरसमज मोडायला हवा. लांब फेकलं की मोठा मासा मिळतो, असं गरवायला नव्याने लागलेल्या प्रत्येकाला वाटतं. ऐंशी मीटरवर शिसं (दोरीला बांधलेलं वजन) टाकून लोक तासन् तास बसतात आणि मुडदुशीची झुंड त्यांच्या पायांपासून पंधरा मीटरवर चरत असते. वाळूच्या किनाऱ्यावर चर सोडून पट्टीपलीकडे टाकायची गरज क्वचित पडते. सर्फरांबरोबरचे निम्मे तंटे या लांब फेकण्याच्या हौसेतून येतात.

भरती, वारा आणि वाटणी

कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. मुंबई-रायगडात हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. गोव्याकडे भरती जवळपास तासभर आधी येते, आणि दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. त्यामुळे अंदाज तिथीवरून बांधावा आणि नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्यावी. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं, गोव्यात दोन-सव्वादोन मीटर. आकडा लहान वाटतो, पण सपाट किनाऱ्यावर तेवढ्यात पाणी बरंच पुढे-मागे सरकतं.

गरवायला चांगली वेळ भरतीचे शेवटचे दोन तास आणि सुकती (ओहोटी) लागल्यावरचा पहिला तास. चर भरलेला असतो, मासा कडेला येतो. नेमक्या या वेळी पट्टीवर पाणी खोल झाल्यामुळे लाट नीट फुटत नाही, थेट काठावर येऊन आदळते, आणि सर्फरांना त्यात गोडी नसते. त्यांचं चांगलं पाणी मध्यम ते खालच्या भरतीला असतं. म्हणजे थोडं पंचांग पाहिलं तर अर्धी वाटणी समुद्रच करून देतो.

घोळ होतो तो वाऱ्यामुळे. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो. तो लाटेला समोरून थोपवून धरतो, लाट गुळगुळीत उभी राहते, म्हणून सर्फर पहाटे येतात. आपल्यालाही पाठीवरचा वारा हवाच असतो. अकरा-बाराच्या पुढे खारा वारा सुटला की पाणी विस्कटतं आणि सर्फर जेवायला जातात. म्हणून पहाटेची भरती असेल तर उजाडण्याआधी गरवून घ्या, आणि संध्याकाळची भरती मिळाली तर तीच पकडा. खाऱ्या वाऱ्याने ढवळलेल्या, किंचित गढूळ पाण्यात मासा निर्धास्त खातो. समोरच्या वाऱ्यात लांब फेकता येत नाही, पण लांब फेकायचंय कुणाला?

मोरजी आणि हरमलला दुपारी वारा चढला की काईट सर्फिंगवाले येतात. त्यांच्यापासून मात्र लांबच राहा. पतंगाच्या दोऱ्या वीस मीटरच्या वर असतात, माणूस वेगात किनाऱ्याला समांतर येतो, आणि तुमचा उभा रॉड त्याला उशिरा दिसतो. तिथे समजूत घालण्यात वेळ घालवण्यापेक्षा अर्धा किलोमीटर चाललेलं बरं.

सामान

चरात मुडदुशी गरवायला सात ते नऊ फुटी हलका रॉड पुरतो. शिसं २० ते ४० ग्रॅम, गळ ६ किंवा ८ नंबरचा, कारण मुडदुशीचं तोंड बारीक. आमिष म्हणून सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा, किंवा ओहोटीला वाळूतून काढलेल्या मुळ्याचा (शिंपल्याचा) गर. गर मऊ असतो, त्याला गळावर शिवायच्या बारीक दोऱ्याचे चार वेढे द्या. मुडदुशी झडप घालत नाही. रॉडच्या टोकाला टक, टक असे दोन हलके ठोके येतात, मग क्षणभर काही नाही, मग दोरी किंचित सैल पडते. त्या सैल पडण्यावर मनगट उचलायचं. पहिल्या ठोक्याला झटका दिलात तर आमिष गेलं म्हणून समजा.

मोठ्या माशासाठी दहा ते बारा फुटी रॉड, ५००० ते ६००० नंबरचं रीळ, ३० पौंडी ब्रेडेड (विणलेली) दोरी आणि ६० ते १०० ग्रॅम शिसं. ब्रेडच्या पुढे शॉक लीडर, म्हणजे फेकण्याचा झटका सोसणारा जाड मोनोचा (एकपदरी नायलॉन दोरीचा) तुकडा, लावल्याशिवाय हे शिसं फेकू नका. हिशेब असा: प्रत्येक औंस शिशाला, म्हणजे साधारण २८ ग्रॅमला, निदान १० पौंड ताकदीचा मोनो. १०० ग्रॅमला ३५-४० पौंड होतात. मी ५० वापरतो. लांबी रॉडच्या दुप्पट आणि वर रिळावर पाच-सहा वेढे बसतील एवढी. फेकताना ब्रेड तुटली तर सुटलेलं शिसं बंदुकीच्या गोळीसारखं जातं, आणि समोर लाटेवर कुणीतरी पोटावर झोपलेलं असतं.

ब्रेड पिवळी किंवा केशरी घ्या. मासा बघतो तो पुढचा पारदर्शक लीडर, मागची दोरी माणसांना दिसली पाहिजे. गळ शक्यतो सर्कल हुक; तो माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही. त्याचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका. मासे थोडे जास्त सुटतील, पण लहान मासा परत सोडणं सोपं जातं, आणि चुकून कुणाच्या पायात गेला तर सरळ बाहेर येतो. तिहेरी गळ लावलेला लूर (नकली मासा) सर्फर असलेल्या पाण्यात कधीच टाकू नये.

ब्रेड कापेल अशी कात्री किंवा कटर गळ्यात अडकवा, डब्यात नको. का, ते पुढे कळेल.

जागा घेणं आणि गळ टाकणं

पोचल्यावर पाच-दहा मिनिटं नुसतं बघा. लाटा गटाने येतात: चार-पाच मोठ्या, मग शांत काळ. सर्फर कोणत्या बाजूला सरकतायत ते पाहा. किनाऱ्याला समांतर प्रवाह दक्षिणेकडे असेल तर तेही दक्षिणेकडे वाहत जातात आणि तुमची दोरीही तिकडेच कमान घेते. मी अशा वेळी प्रवाहाच्या वरच्या अंगाला, म्हणजे त्यांच्या उत्तरेला उभा राहतो. शिसं वाहत असेल तर जड लावता येतं, तारेच्या पायांचं वाळूत रुतणारं शिसं लावता येतं. शिकाऊ माणसाचं वाहणं मात्र आपल्या हातात नसतं. खालच्या अंगाला बसलात तर तासाभरात कुणीतरी दोरीवर येणार.

मग जाऊन बोला. हे काम बहुतेक जण टाळतात, आणि मग दुपारी ओरडाओरड करतात. सर्फ स्कूलच्या प्रशिक्षकाला किंवा पाण्यात उतरणाऱ्याला नुसतं सांगायचं: "दादा, त्या निळ्या होडीच्या अलीकडे माझी दोरी आहे, वीस मीटरवर. तुम्ही पलीकडे राहाल ना?" समोरचा बहुतेक वेळा "हो काका, चालेल" म्हणतो आणि पोरांनाही सांगतो. जागेची खूण ठरली की वाद घालायला काही उरत नाही. आधी आलेल्याला मान, हा रिवाज दोन्हीकडे आहे. तुम्ही आलात तेव्हा ते पाण्यात असतील तर सरकायचं तुम्ही.

टाकताना आधी मागे बघा, मग डावीकडे, उजवीकडे, मग समोर. पहाटे चालणारी माणसं आणि कुत्री हमखास मागून येतात. ज्या दिशेला टाकणार तिच्या दोन्ही अंगांना निदान ५० मीटर पाण्यात कुणी नसावं, हा माझा नियम. वाकडं गेलेलं शिसं तेवढी जागा सहज खातं.

सर्फर आसपास असताना एकच रॉड, आणि तोही हातात. दोन रॉड वाळूत रोवून शॅकमध्ये चहा घ्यायला जाणाऱ्याची दोरी कुणाच्या गळ्यात गेली तर बोलायला तोंड राहत नाही. कुणी तुमच्या पाण्याकडे वाहत येताना दिसला तर पहिल्यांदा गोळा करायला लागा, हात वर करून खूण मागून करा. लाटांच्या आवाजात शिट्टी ऐकू येते, शिव्या येत नाहीत. गोळा करायला वेळ नसेल तर रॉडचं टोक पाण्यापर्यंत खाली आणा, रिळाची बेल (दोरी अडवणारी तारेची कमान) उघडा आणि दोरी सैल सोडा. ती खाली बसते आणि बोर्ड वरून निघून जातो.

दोरी बोर्डला अडकली तर

बोर्डखाली मागे दोन-तीन फिन (पाती) असतात आणि सर्फरच्या घोट्याला लीश, म्हणजे बोर्डला जोडणारी दोरी, बांधलेली. दोरी अडकते ती या दोन ठिकाणी. तुम्हाला रॉडवर आधी जड, ओला ओढा जाणवतो. माशाचे झटके त्यात नसतात. अशा वेळी हात आपोआप रीळ फिरवायला जातो, आणि तेच करायचं नाही. ताणलेली ब्रेड ओल्या कातडीला चाकूसारखी कापते, आणि दोरीच्या टोकाला कुठेतरी गळ आहे. बेल उघडा, दोरी मोकळी करा, मोठ्याने "थांबा, दोरी!" म्हणा. माणूस लाटेवर असेल किंवा ओढीत असेल तर विचार न करता गळ्यातल्या कात्रीने दोरी कापा. पन्नास-शंभर रुपयांचं शिसं आणि वीस मीटर दोरी जाईल. हाताला ब्रेड गुंडाळून ओढू तर कधीच नका.

सर्फरांनी काय करावं? उतरण्याआधी किनाऱ्यावर रॉड उभे आहेत का, पिवळी दोरी कुठे जाते, ते बघावं. वाळूवरून जाताना गरवणाऱ्याच्या पाठीमागून जावं, समोरून नाही. दोरी अडकली तर पाय झाडू नयेत. बोर्डवर बसून राहावं, किनाऱ्याकडे हात करावा, आणि दोरी सैल पडल्यावर फिनच्या मागच्या बाजूने सरकवावी. अंगावर आली असेल तर ताण नसतानाच काढावी.

गळ शरीरात गेला तर पुढचं सगळं जागेवर ठरतं. काटा दाबलेला असेल आणि गळ वरवर घुसला असेल तर आला त्याच वाटेने काढा, साबण-पाण्याने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. काटा आत रुतलेला असेल, किंवा डोळ्याजवळ, मानेत, बोटाच्या सांध्यात असेल तर हात लावू नका. दोरी कापा, गळ हलणार नाही असं कापड बांधा आणि थेट डॉक्टर.

दुसरी जखम काट्यांची. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे विषारी काटे असतात. गळाला लागला तर हाताने धरू नका, पक्कडने गळ सोडवा. पाकट उथळ वाळूत अंग पुरून बसते, म्हणून गरवणारा असो की सर्फर, पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत चालावं. चाहूल लागली की ती निघून जाते. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेने कळ बरीच कमी होते. शॅकवाल्याकडे गरम पाणी मागायला लाजू नका. आणि आराम पडला तरी डॉक्टरला दाखवा, काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो.

पाण्यात गुडघ्याच्या वर जाऊन गरवू नका, खिंडीजवळ तर मुळीच नाही. ओढीत सापडलात तर रॉड सोडा, किनाऱ्याकडे पोहण्याचा अट्टहास सोडा, तरंगत राहा, हात वर करा, जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरका. जीवरक्षक पोचण्याआधी तुमच्याजवळ पोचणारा बहुधा सर्फरच असतो, तोही तरंगतं साधन घेऊन. सकाळी त्याच्याशी दोन शब्द बोलून ठेवण्याचं हेही एक कारण.

ज्यांचा हक्क आधी

रांपण लागली असेल तर गरवणारे आणि सर्फर दोघांनीही बाजूला व्हायचं. होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडून दोन्ही टोकं माणसं किनाऱ्यावरून ओढतात. यात वाडीच्या घरांचं पोट आहे. गोव्यातल्या रांपणकारांनी १९७० च्या दशकात ट्रॉलरांविरुद्ध आंदोलन केलं ते याच काठच्या पाण्यासाठी. जाळ्याच्या आत गळ टाकणं म्हणजे वाद ओढवून घेणं. उलट दोरखंडाला हात लावलात तर आमिषाला चार पेडवे मिळतात.

मोरजी आणि मांद्रे इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. आपल्याकडे रत्नागिरीतल्या वेळासलाही. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात कुंपण घातलेल्या घरट्यांपासून दूर राहा, रात्री पांढरी बॅटरी समुद्राकडे मारू नका, अगदीच लागली तर लाल दिवा वापरा. कासव वर येताना दिसलं तर दोरी गोळा करा आणि दिवा बंद करून बसा.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ही बंदी किनाऱ्यावरच्या गळासाठी नाही, पण त्या दिवसांत उघड्या वाळूवर उभं राहण्यात शहाणपण नाही. गरवायचंच तर खाडीच्या आत जा. एप्रिल-मेमध्येही आकाश स्वच्छ असताना दूर दक्षिणेच्या हिंदी महासागरात उठलेल्या लाटा अचानक काठ चढतात. घरून निघण्याआधी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचे उंच लाटांचे इशारे बघून घ्या. इशारा असेल तर आश्वेच्या खडकांवर पाऊल ठेवू नका. शेवाळावरून पाय सरकायला लाट मोठी असावी लागत नाही.

उठताना गळ मोजा. आणलेले आणि नेताना असलेले जुळले नाहीत तर वाळू चाळा, कारण तासाभराने तिथून सर्फ स्कूलची अनवाणी पोरं जाणार असतात. तुटलेली दोरी खिशात भरा, वाळूत पुरू नका. मासे तिथेच साफ करून आतडी चरात फेकली की शिंगाळे आणि कुत्री जमतात आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी मुडदुशीऐवजी शिंगाळेच लागतात. ती घरी न्या, माडाच्या मुळात घाला.